तिसरा माणूस

आमचं आजोळ गिरडचं. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव. नागपूरहून उमरेडमार्गे गेलं की दुरूनच टेकडी दिसते आणि टेकडीवरचा शेख फरीद बाबांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघंही तिथे सारख्याच श्रद्धेने जातात. आम्ही मुलं मात्र जायचो ते गोटे वेचायला. त्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात, कुठला जायफळासारखा, कुठला सुपारीसारखा. सुट्टी संपताना आमच्या चड्ड्यांचे खिसे या गोट्यांनी फाटलेले असायचे.

पुढे शिकल्यावर कळलं की हे झिओलाइट नावाचं खनिज आहे. लाव्हाचा दगड थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात आणि त्यात ते साचतं. पण आम्हाला त्याआधी मामाने सांगितलेली गोष्ट माहीत होती. (इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरातही ती आहे.) दोन फिरते व्यापारी टेकडीजवळून चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली आणि बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. व्यापारी पाया पडले, गयावया केली. तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते पाहून दोघेही व्यापार सोडून मरेपर्यंत तिथेच सेवेत राहिले.

मला लहानपणी या गोष्टीत चमत्काराचं काही वाटायचं नाही. माझ्या डोळ्यापुढे यायचं ते वेगळंच. पोतं बाहेरून तसंच भरलेलं आहे, तोंड तसंच शिवलेलं आहे आणि व्यापारी आत हात घालतो. हाताला दगड लागतात. त्या क्षणी त्या माणसाच्या पोटात काय झालं असेल?

गेल्या वर्षी ते मला मामाच्या तोंडावर बघायला मिळालं.

सोयाबीन विकून झालं होतं. एका संध्याकाळी मामींचा फोन आला. मामी सहसा स्वतःहून फोन करत नाहीत. म्हणाल्या, "बापू, तुझे मामा जेवत नाहीत बरोबर. चौकातबी जात नाहीत. इचारलं त बोलत नाहीत. तू येऊन जा एकडाव."

मी गेलो. मामा अंगणात बाजेवर बसले होते. चहा झाला, पावसाचं झालं, भावाचं झालं. मग मामी गाईकडे गेल्या तसं ते हळूच म्हणाले, "एक्केचाळीस हजार चाल्ले गेले बापू. बँकेतले."

कसे गेले ते ऐका. पीएम-किसानच्या नावाची एक फाइल त्यांच्या व्हॉट्सॲपवर आली होती. हप्ता अडकला आहे, माहिती भरा, असं काहीतरी. मामांनी ती दाबली, "परवानगी द्या" आलं ते दाबलं. झालं! असल्या फाइली शेवटी 'एपीके' असं लिहिलेल्या असतात. ते खरं म्हणजे एक ॲप असतं. ते फोनमध्ये शिरलं की तुमचे मेसेज वाचायची परवानगी घेतं, मग बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो. वर तेच ॲप तुमच्या नावाने तीच फाइल तुमच्या ओळखीच्यांना पाठवत सुटतं. मामांना ती फाइल गावातल्याच एका माणसाच्या फोनवरून आली होती. रोज राम राम होणारा माणूस.

"परायाचं असतं त कायले दाबलं असतं?" मामा म्हणाले. "आपल्याच मानसाच्या फोनवरून आलं न ते."

मी विचारलं, "कधीची गोष्ट?"

"अकरा दिवस झाले."

अकरा दिवस! आणि मी, शहाणा भाचा, काय बोललो असेन? "अहो मामा, असं कसं दाबलंत तुम्ही? पेपरात रोज येतं की!"

त्यांनी मान खाली घातली आणि परत काही बोलले नाहीत. हे वाक्य मला आजही टोचतं. का टोचतं ते पुढे सांगतो.

अशी बातमी ऐकली की आपण सगळे पहिल्यांदा काय म्हणतो ते बघा. "लोक इतके कसे मूर्ख असतात!" किंवा जरा सौम्यपणे, "खेड्यातली माणसं, शिक्षण नाही..." हे म्हटलं की आपल्याला बरं वाटतं. कारण आपण शिकलेले, म्हणजे आपण सुरक्षित.

पण तसं आहे का? २००५ साली पुण्यात एक प्रकरण गाजलं होतं, आठवत असेल. तिथल्या एका कॉल सेंटरमधल्या काही तरुणांनी सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांत वळवले. ते ग्राहक काही 'अंगठाबहाद्दर' नव्हते. बँकेतूनच बोलतोय असं वाटणारा एक आपुलकीचा आवाज पलीकडे होता, बस्स.

आणि ग्राहकांचं सोडा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची यंत्रणाच हॅक झाली. नकली कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, वर काही रक्कम हाँगकाँगच्या खात्यात पाठवली गेली. तीन दिवसांत एकूण ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. शंभर वर्षांहून जुनी बँक, तिच्याकडे संगणक विभाग, तज्ज्ञ, ऑडिटर, सगळं होतं. तेव्हा कुणी असं म्हटल्याचं मला आठवत नाही की "बँक किती मूर्ख!" मग गिरडच्या एका शेतकऱ्याला तेवढं आपण का म्हणतो?

तेव्हा हुशारीचा आणि फसण्याचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. मग फसवणाऱ्याला नेमकं काय लागतं?

माझं उत्तर असं : त्याला तुम्ही एकटे लागता.

आठवून बघा हे सगळे प्रकार. "फोन ठेवू नका." "कुणाला सांगू नका, गोपनीय चौकशी आहे." "दहा मिनिटांत नाही केलं तर खातं बंद होईल." हल्ली जे 'डिजिटल अरेस्ट' निघालंय, त्यात तर माणसाला व्हिडिओ कॉलसमोर तासन् तास, काही वेळा दिवसचे दिवस बसवून ठेवतात. समोर खोटा पोलीस, मागे खोटं कोर्ट. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही; ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. पण बंद खोलीत भेदरलेल्या निवृत्त मास्तरांना ते त्या वेळी कोण सांगणार? दार उघडून शेजाऱ्याने "काय हो, काय चाललंय?" एवढं विचारलं असतं तरी खेळ संपला असता. म्हणूनच तर ते दार बंद करायला सांगतात.

लोभ असो, भीती असो की मामांसारखा विश्वास असो, चोराचा व्यवहार नेहमी दोघांतच होतो. तिसरा माणूस त्याला चालत नाही.

आता जरा मागे जाऊ. गावात पूर्वी ओळख म्हणजे काय होती? मी लहान असताना गिरडच्या रस्त्यावर कुणीही म्हातारा थांबवून विचारायचा, "कोनाचा रे तू?" मी आजोबांचं नाव सांगितलं की काम व्हायचं. माझी ओळख माझ्या खिशात नव्हती, ती त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात होती. ती चोरायची तर सगळं गाव चोरावं लागलं असतं. या व्यवस्थेचे जाच होते, जात होती, चहाड्या होत्या, मी तिचे गोडवे गात नाही. पण एक खरं, तिथे ओळख पटवायला नेहमी दुसरं कुणीतरी लागायचं.

मग ओळख कागदावर आली आणि अंगठ्यात आली. अंगठ्याचा इतिहास तर गमतीचा आहे. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. का? तर नंतर त्याने "ही सही माझी नाही" म्हणू नये म्हणून. म्हणजे हा ठसा आला तोच मुळी अविश्वासातून. आणि आज तोच अंगठा आणि आधार क्रमांक एवढ्यावर, ना ओटीपी ना सही, गावातल्या बँक मित्राकडे खात्यातून पैसे निघतात. निराधारांच्या अनुदानावर जगणाऱ्या म्हाताऱ्या बाईला याचा मोठा आधार आहे, तालुक्याला जायची खेप वाचते. पण "अंगठा उमटला नाही आजी, परत लावा" असं म्हणून दोनदा पैसे काढणारेही निघतात. ज्या बाईला पावती वाचता येत नाही तिच्याबरोबर एक नात उभी असेल तर हे होणार नाही. पुन्हा तोच, तिसरा माणूस!

हा तिसरा माणूस माझ्या डोक्यातून निघालेला नाही. आपल्याच महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी त्याला कायद्याने उभं केलं होतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. दख्खनचे दंगे म्हणून तो प्रसंग इतिहासात आहे. त्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या कागदांवर होता. कर्जरोखे, दस्तऐवज, हिशेबाच्या वह्या काढून जाळल्या गेल्या. कारण त्या कागदांत काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि लिहिणाराच साक्षीदारही आणायचा.

मग चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जमुक्तीचा, म्हणजे 'रिलीफ'चा कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी होता. आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात. त्या कायद्यात दोन गोष्टी होत्या. एक, शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोर झाला तरच ग्राह्य. दुसरी, सावकाराने पावती दिली पाहिजे आणि मागितल्यास हिशेब व पासबुक दिलं पाहिजे. परक्या सरकारचा कायदा, त्याने सगळं भलं झालं असं कुणी म्हणणार नाही. पण त्या कायद्यामागचा विचार बघा. "शेतकऱ्यांनो, सावध राहा" एवढं सांगून तो थांबला नाही. दोघांच्या मध्ये त्याने एक तिसरा माणूस बसवला.

आज आपण नेमकं उलट करतो. मध्यंतरी फोनची रिंग वाजण्याऐवजी "सावध राहा, सतर्क राहा" हे ऐकवलं आणि झालं आपलं काम!

आणि नुसतं सावध राहून तरी काय होणार? सप्टेंबर २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेत एक प्रकरण उघडकीला आलं. पनवेलजवळच्या खारघरच्या एका बाईंचा अर्ज भरला जाईना. त्यांच्या आधार क्रमांकावर आधीच कुणीतरी अर्ज भरून टाकला होता. शोध घेता घेता धागा साताऱ्याला पोचला. एकाच घरातून, वेगवेगळ्या बायकांच्या आधार क्रमांकांवर पंचवीसहून जास्त अर्ज गेले होते. त्या बायकांनी कुठलं बटण दाबलं होतं? कुठला ओटीपी दिला होता? त्यांनी काहीच केलं नव्हतं. त्यांचा क्रमांक कुठेतरी पडून होता, इतकंच.

आपले आधारचे झेरॉक्स कुठे कुठे पडलेत याचा कधी हिशेब केलाय? सिमकार्डवाला, लॉज, गॅस एजन्सी, खताचं दुकान, लग्नाचा हॉल. मी माझा हिशेब करायला बसलो आणि सतरापर्यंत मोजून सोडून दिलं.

यावर आपल्या हातात थोडं आहे, ते करायला हवं. जिथे चालतं तिथे 'मास्क्ड' आधार द्यावं. त्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहावं, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. अंगठ्याने पैसे काढत नसाल तर आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून बोटांचे ठसे लॉक करता येतात, लागतील तेव्हा उघडता येतात. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते सरकारच्या 'संचार साथी'वर दिसतं. नको ती तिथूनच कळवता येतात. आपल्या नावावर भलत्याच कुणी कर्ज उचललं नाही ना, हे बघायला सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो. २०१७ पासून हा आपला हक्क आहे. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो. हे एक वाक्य घराच्या भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल.

ओळख चोरीला जाते तशी ती भाड्यानेही जाते, बरं का. कॉलेजच्या पोरांना कुणीतरी सांगतं, "तुझं खातं महिनाभर दे, पाच हजार घे." मामांचे एक्केचाळीस हजार अशाच कुठल्यातरी गरीब पोराच्या खात्यात आधी गेले असणार, तिथून पुढे, तिथून आणखी पुढे. उद्या पोलीस येतील ते त्या पोराकडे. म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांबरोबर घरातल्या विशीतल्या मुलांशीही बोलायला हवं.

आता त्या अकरा दिवसांकडे येतो.

पैसे गेले हे कळल्या कळल्या १९३० या क्रमांकावर फोन केला तर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतानाच कुठेतरी गोठवता येण्याची शक्यता असते. तास-दोन तासांत केला तर जास्त, दिवस उलटले की जवळजवळ नाहीच. शिवाय रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये एक नियम घालून दिला. चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, अशा फसवणुकीत तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्या माथी नाही; चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतच; त्याच्या पुढे बँकेच्या मर्जीवर, म्हणजे तिच्या धोरणावर. तुम्ही स्वतः पिन-ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेचा. कुठल्याही बाजूने बघा, सगळा खेळ घड्याळाचा आहे.

आणि हे घड्याळ मामांच्या बाबतीत कुणी खाल्लं? चोराने नाही. लाजेने खाल्लं. "लोक काय म्हनतीन. मामी काय म्हनन. भाचा काय म्हनन." अकरा दिवस ते याच भीतीत बाजेवर बसून होते. आणि भाचा आल्यावर म्हणाला काय? तर "असं कसं दाबलंत?" म्हणजे त्यांची भीती मी खरीच करून दाखवली.

आता ते वाक्य मला का टोचतं, ते सांगतो. हे मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात मला एक मेसेज आला होता. तुमचं मागच्या महिन्याचं वीजबिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा. त्या दिवसांत असे मेसेज हजारोंना आले होते. घरात आई आजारी, बाहेर नागपूरचं ऊन. मी फोन केला. पलीकडचा माणूस फार नम्र होता. त्याने एक ॲप घ्यायला लावलं आणि फक्त दहा रुपये भरायला सांगितले. मी भरले. माझा स्क्रीन त्याला दिसत होता हे मला तेव्हा कळलं नाही. दहा मिनिटांत एकोणीस हजार गेले. मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलेला माणूस! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते हेच.

मी काय केलं? ॲप काढून टाकलं, मेसेज पुसून टाकला आणि गप्प बसलो. बायकोला सहा महिन्यांनी सांगितलं, तेही पासबुक तिच्या हाती पडलं म्हणून. मामांना तर सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या लेखी मी सगळं कळणारा भाचा, त्यांना स्मार्टफोन मीच घेऊन दिला होता.

मी त्याच वेळी गिरडला जाऊन बाजेवर बसून म्हटलं असतं, "मामा, मी फसलो. असं असं झालं," तर? तर मामांनी ती फाइल दाबलीच नसती असं मी म्हणणार नाही. पण दाबल्यावर त्याच दिवशी त्यांनी मला फोन नक्की केला असता. म्हणाले असते, "बापू, मीबी तुझ्यासारखाच फसलो." अकरा दिवस लागले नसते. माझ्या एकोणीस हजारांची लाज मी झाकली, तिची किंमत मामांनी मोजली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. फसवणुकीपासून सांभाळायचं तर घरात एक तिसरा माणूस ठरवा. मुलगी, शेजारी, जुना मित्र, कुणीही. नियम एकच : पैशाबद्दल किंवा कागदाबद्दल कुणी घाई केली की आधी फोन ठेवायचा आणि या माणसाला फोन करायचा. त्याने उचलला नाही तर उचलेपर्यंत थांबायचं. दहा मिनिटांत जगबुडी होत नाही. खरी बँक उद्याही उघडी असते.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो बरोबर आहे. तिसरा माणूसच चोर निघाला तर? घरच्याच माणसाने म्हाताऱ्यांची खाती रिकामी केल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. म्हणून त्याला विचारायचं, पण किल्ली द्यायची नाही. पिन नाही, ओटीपी नाही, कोऱ्या कागदावर सही नाही. मामांच्या वहीत माझ्या अक्षरात त्यांच्या कार्डाचा पिन लिहिलेला होता. मीच सोय म्हणून लिहून दिला होता. तो मी त्या दिवशी बदलायला लावला आणि तोंड फिरवून बसलो. नवा पिन मला माहीत नाही. माहीत नसावाच.

आणि त्या तिसऱ्या माणसाचंही एक काम आहे, माझ्या मते सगळ्यात अवघड. समोरचा फसून आला तर पहिलं वाक्य "असं कसं केलंस?" नाही म्हणायचं. पहिलं वाक्य : "किती वाजता गेले? चल, फोन लावू." बाकीचं शहाणपण नंतर.

बँकांनीही हे शिकायला हवं. सत्तरी पार केलेल्या माणसाच्या खात्यातून, जिथे वर्षात चार व्यवहार होतात, रात्रीतून सगळी रक्कम नव्याच खात्यात चालली असेल तर मध्ये कुणीतरी थांबवून विचारायला नको? १८७९ मध्ये निबंधक बसवता आला, आज तर यंत्रं आहेत. पैसा क्षणात गेला पाहिजे, ही घाई खरोखर कुणाची गरज आहे, ग्राहकाची की आणखी कुणाची?

मामांचे पैसे अजून परत आलेले नाहीत. आम्ही १९३० ला कळवलं, गिरडच्या ठाण्यात अर्ज दिला, बँकेत दिला. उशीर झाला होता, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना माहीत होतं.

पण त्या दिवशी निघण्यापूर्वी मी मामांना माझी गोष्ट सांगितली. एकोणीस हजारांची. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तूबी?" आणि किती दिवसांनी कोण जाणे, हसले.

नंतर मामींकडून कळलं की त्याच आठवड्यात मामा चौकात गेले आणि पारावर बसून सगळ्यांना आपली गोष्ट सांगून टाकली. कुणी हसलं नाही. उलट दोघं जण संध्याकाळी घरी आले, एकेकटे. एकाचे आठ हजार गेले होते. दुसऱ्याला नुकतीच तशीच फाइल आली होती, त्याने ती उघडली नव्हती.

मागच्या खेपेला मी टेकडीवर गेलो होतो, येताना एक गोटा खिशात घालून आणला. आता तो माझ्या टेबलावर फोनशेजारी असतो. फोन वाजला, पलीकडचा माणूस घाई करायला लागला, की मी तो उचलून हातात धरतो. तेवढ्यात दहा सेकंद जातात. तेवढी पुष्कळ होतात.

असो. तुमच्या घरातला तिसरा माणूस कोण, तेवढं आज ठरवून टाका. आणि तुम्ही कधी फसला असाल, तर कुणाला तरी सांगा. तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी.